‘ट्रॅफिकिंग’ला मराठीत काय म्हणावं? तस्करी, वाहतूक की अपव्यापार?

पाटीपेन्सिल
एका प्रदर्शनाच्या फलकांचं भाषांतर करतेय. विषय आहे बायका आणि मुलं यांच्या खरेदी-विक्रीविरुद्ध झालेले सुरुवातीचे आंतरराष्ट्रीय करार. पहिल्याच फलकावर गाडं अडलं. १९०४ च्या पॅरिस कराराच्या नावात ‘व्हाइट स्लेव्ह ट्रॅफिक’ असं आहे. मी लिहिलं ‘गोऱ्या गुलामांची तस्करी’. तपासणाऱ्या सरांनी ‘तस्करी’भोवती लाल गोल काढला आणि समासात लिहिलं, ‘सोनं आहे का?’ वर्तमानपत्रांत तर सर्रास ‘मानवी तस्करी’ असतं. मग चुकलं कुठे?

जुनी दौत
सरांचं बरोबर आहे. तस्कर म्हणजे चोर. आज तस्करी म्हटलं की चोरट्या मार्गाने माल सीमेपार नेणं, सोन्याची बिस्किटं, चंदन वगैरे. त्यात गुन्हा सरकारविरुद्ध होतो, जकात बुडते. इथे गुन्हा त्या मुलीविरुद्ध होतोय. शिवाय तिला एका तालुक्यातून बाजूच्या तालुक्यात नेऊन विकलं, तर कुठली सीमा आली?

काळा कोट
कायद्याच्या बाजूने भर घालते. संघटित गुन्हेगारीविरुद्धच्या २००० सालच्या पालेर्मो करारासोबत दोन वेगळे जोडकरार आहेत. एक माणसांच्या ट्रॅफिकिंगबद्दल, दुसरा स्थलांतरितांना चोरून सीमा ओलांडून देण्याबद्दल. दुसऱ्यात माणूस बहुधा स्वतः पैसे मोजून, राजीखुशीने जातो. त्याला तस्करी म्हणा हवं तर. पहिल्याचा गाभा पिळवणूक हा आहे. आपण दोन्हीला एकच शब्द लावून बसलोय.

आणि शब्द शोधायला लांब जायला नको. संविधानाच्या मराठी आवृत्तीत अनुच्छेद २३ उघडा: ‘माणसांचा अपव्यापार’. हिंदीत ‘दुर्व्यापार’ आहे.

भाकरतुकडा
अपव्यापार? मग माणसांचा सद्व्यापारपण असतो की काय? 😀

जुनी दौत
हसण्यावारी नेऊ नका, मुद्दा रास्त आहे. पण ‘व्यापार’चा मूळ अर्थ खरेदी-विक्री नव्हे, उद्योग, हालचाल. ‘अव्यापारेषु व्यापार’ म्हणतो तेव्हा कुणी दुकान थाटलेलं नसतं. मनोव्यापारात तरी कुठे पैसे असतात? म्हणजे ‘अपव्यापार’ वाईट उद्योगही होतो आणि वाईट सौदाही. मला तरी हा शब्द आवडतो. फक्त तो बोलत कुणी नाही.

नाकाबंदी
पोलीस ठाण्याच्या बातम्या देण्यात बारा वर्षं गेली, म्हणून लिहितो. ठाण्यात ‘अपव्यापार’ मी एकदाही ऐकला नाही. तिथे सगळं ‘पीटा’, म्हणजे अनैतिक व्यापार प्रतिबंधक कायदा. ‘पीटाखाली गुन्हा दाखल’, ‘बनावट ग्राहक पाठवून खात्री केली’, ‘पीडित मुलींची सुटका’ ही वाक्यं आम्ही झोपेतही टाइप करू. मूळ कायदा १९५६ चा, त्याला जुने अंमलदार ‘सीटा’ म्हणत. १९८६ च्या दुरुस्तीत नाव बदललं आणि सीटाचा पीटा झाला.

पण खरी गंमत पाटीवर आहे. पोलिसांच्या त्या खास कक्षाचं नाव ‘अनैतिक मानवी वाहतूक प्रतिबंधक कक्ष’. ट्रॅफिक म्हणजे वाहतूक! एक आजोबा चलनाची पावती घेऊन तिथे चौकशीला आलेले मी या डोळ्यांनी पाहिलेत.

पाटीपेन्सिल
😀 तो शब्द तर पहिल्यांदा बाद.

काळा कोट
थांबा, तुमच्या फलकांपुरता तरी बाद करू नका. भाषांतर ढोबळ आहे खरं, पण त्या काळच्या करारांना ते चपखल बसतं.

१९०४ च्या करारात सरकारांनी कबूल केलं काय? रेल्वे स्थानकं, बंदरं आणि प्रवासात पाळत ठेवायची, मुली घेऊन जाणारे लोक हेरायचे, परदेशात अडकलेल्यांना मायदेशी पाठवायची सोय करायची. १९१० च्या करारात गुन्ह्याची व्याख्या आली. वीस वर्षांच्या आतल्या मुलीला अनैतिक कामासाठी मिळवून देणं किंवा नेणं हा गुन्हा, तिची संमती असली तरी. सज्ञान बाईच्या बाबतीत फसवणूक वा जबरदस्ती असेल तर. आणि सोबतच्या अंतिम जोडकरारात स्पष्ट नोंदवलंय की बाईला कुंटणखान्यात तिच्या इच्छेविरुद्ध डांबून ठेवणं गंभीर असलं, तरी या करारात घेता येत नाही, तो ज्या त्या देशाच्या अंतर्गत कायद्याचा प्रश्न.

म्हणजे करार आगगाडीपर्यंतच. घराचं दार लागलं की संपला. ही वाहतूकच नाही का?

जुनी दौत
वा! हे ठाऊक नव्हतं.
मग ‘गोऱ्या’वरही बोलू. हा शब्द फ्रेंच जोडीतून येतो. आफ्रिकी गुलामांच्या व्यापाराला ‘त्रेत दे न्वार’ म्हणत, त्याच साच्यात ‘त्रेत दे ब्लांश’. ‘त्रेत’ ओढण्याच्या क्रियापदावरून आलाय, गाईचं दूध काढण्यालाही तोच शब्द. नावातच गोरी बाई, म्हणजे काळजी कुणाची ते उघड आहे. आपल्याकडे पेशवाईत बटकी आणि कुणबिणी, म्हणजे दासी, विकत घेतल्याचे कागद आहेत, त्यांना या नावात जागा नाही.

नाकाबंदी
मुंबईत याचा पत्ताच होता! कामाठीपुऱ्याजवळच्या शुक्लाजी स्ट्रीटला लोक ‘सफेद गल्ली’ म्हणत. युरोपातून आणलेल्या बायका तिथे असत. गल्लीचं नाव आणि कराराचं नाव एकाच रंगावरून.

काळा कोट
म्हणून १९२१ चा जिनिव्हाचा करार महत्त्वाचा. राष्ट्रसंघाच्या आश्रयाने झालेल्या त्या करारात ‘गोऱ्या’ गेलं आणि नाव झालं ‘स्त्रिया व मुले’. वय विसावरून एकविसावर नेलं. मात्र ब्रिटिश हिंदुस्थान सरकारने सही करताना राखून ठेवलं की आम्ही एकवीसऐवजी सोळा धरू. नावातून रंग गेला, हिशेबातून नाही, असं माझं मत. १९३३ मध्ये सज्ञान स्त्रियांना परदेशी नेण्याबद्दल वेगळा करार झाला, त्यात संमतीचा मुद्दाच काढून टाकला. १९४९ मध्ये संयुक्त राष्ट्रांनी सगळे एकत्र केले.

पाटीपेन्सिल
खूप आभार. सध्या असं ठरवलंय: १९०४ आणि १९१० ला अवतरणात ‘गोऱ्या गुलामीचा व्यापार’, कारण ते त्यांनी दिलेलं नाव आहे, मी ते सोज्वळ करू नये. पुढे सगळीकडे ‘अपव्यापार’, पहिल्या वेळी खाली एक ओळ समजुतीची. ‘तस्करी’ कुठेच नाही.

पण आता ‘मुले’ अडलंय. १९२१ च्या करारात मुलगे आणि मुली दोन्ही येतात. ‘स्त्रिया व मुले’ वाचून माझ्या भाचीने विचारलं, ‘मावशी, मुलींना वगळलंय का?’ ‘बालके’ लिहिलं तर लसीकरणाची जाहिरात वाटते.

भाकरतुकडा
‘लेकरं’ लिहा की.

पाटीपेन्सिल
लिहिलं होतं. सरांचा लाल गोल आलाय.