‘शिबिर’, ‘बंधन’, ‘स्थानबद्ध’ : आश्रय मागणाऱ्यांसाठी नेमके शब्द कोणते?

(सीमाभागातल्या तिघांचा संवाद. बोलणाऱ्याच्या नावाऐवजी त्याचं गाव दिलं आहे.)

खानापूर : बारावीच्या मुलींसाठी ग्रीसच्या लेस्बोस बेटावरल्या मोरिया छावणीबद्दल टिपण लिहिते आहे. ‘असायलम सीकर’ला निर्वासित म्हणू की शरणार्थी? आणि ‘डिटेन्शन’ला काय? मुली कन्नड पेपरातलं ‘निराश्रितर शिबिर’, ‘बंधन केंद्र’ जसंच्या तसं उचलतात.

निपाणी : ताई, ते शब्द मराठीत आणू नका. कन्नडमध्ये ‘निराश्रित’ निर्वासितांसाठी रुळलाय. आपल्याकडे निराश्रित म्हणजे ज्याला कुणाचा आधार नाही तो. ‘बंधन’ तिकडे अटक, इकडे राखीचा धागा. सरळ ‘निर्वासित’ लिहा की. फाळणीनंतर आलेल्या सिंधी लोकांना आपण तेच म्हणत आलो.

बेळगाव : निर्वासित म्हटलं की घर सुटल्याचं कळतं, मागणं कळत नाही. ज्यानं आश्रय मागितलाय आणि अर्जाचा निकाल अजून लागायचाय, तो ‘आश्रयार्थी’. ‘शरणार्थी’ मला खटकतो. संस्कृतात शरण म्हणजे आसरा, पण मराठी कानाला ‘शरण आला’ म्हणजे हरला. इथं तर माणूस हक्क मागतोय. मानवी हक्कांच्या १९४८च्या जाहीरनाम्यातलं कलम १४ तोच हक्क सांगतं. १९५१च्या निर्वासित कराराचं कलम ३१ म्हणतं, जिवाच्या धोक्यातून थेट आलेला माणूस विनाविलंब अधिकाऱ्यांपुढं हजर झाला आणि सबळ कारण दाखवलं, तर विनापरवाना प्रवेशाबद्दल त्याला शिक्षा नको. म्हणून ‘घुसखोर’ तर नकोच नको.

आता ‘शिबिर’. रक्तदानाचं असतं, श्रमसंस्काराचं असतं. माणूस आपल्या पायांनी जातो, संपलं की घरी येतो. ‘कॅम्प’नंही भागत नाही. बेळगावात कॅम्प म्हणजे लष्करी वस्ती, मुंडगोडच्या तिबेटी वसाहतीत कॅम्प नंबर म्हणजे पत्ता. फाटकाला कुलूप आहे की नाही, ते या शब्दांतून कळत नाही. म्हणून ‘डिटेन्शन’ला ‘स्थानबद्ध’ लिहा.

निपाणी : स्थानबद्ध तर गुंडांना करतात ओ!

बेळगाव : तो शब्द गुंडाचा नव्हे, हुकुमाचा आहे. खटला न चालवता नुसत्या हुकुमानं कोंडलं की स्थानबद्ध. आणीबाणीत कितीतरी सज्जन लोक स्थानबद्ध होते. ‘ठेवण्यात आले’ वाचून कुणी काही विचारत नाही. ‘स्थानबद्ध’ वाचलं की विचारावंच लागतं : कुणाच्या हुकुमानं, किती दिवस, वकील मिळाला का? भारतानं १९५१च्या करारावर सही केलेली नाही, पण आपल्या संविधानाच्या कलम २१ मध्ये (जगण्याचा आणि स्वातंत्र्याचा हक्क) ‘नागरिक’ नाही, ‘व्यक्ती’ हा शब्द आहे. १९९६ साली चकमांच्या, म्हणजे पूर्व पाकिस्तानातून अरुणाचलात आलेल्या निर्वासितांच्या, खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं त्याच कलमाचं संरक्षण त्यांना दिलं. एका शब्दानं केवढं अंगण मोठं झालं बघा!

आणि ताई, ‘गैरसोय’ लिहू नका. मोरियात सोय होती सुमारे ३,००० जणांची. सप्टेंबर २०२०ला आग लागली तेव्हा तिथं १२,००० हून जास्त माणसं होती. त्याला हालच म्हणायचं. ग्रीसमधल्या कोठडीतल्या अवस्थेला युरोपच्या मानवी हक्क न्यायालयानं २०११ सालीच मानहानिकारक ठरवलं होतं.

खानापूर : माझं वाक्य होतं, ‘आश्रयार्थींना शिबिरात ठेवण्यात आले.’ आता असं करते : ‘मार्च २०१६ नंतर आलेल्या आश्रयार्थींना मोरियात स्थानबद्ध केलं, पुढं फाटक उघडलं, तरी बेट सोडायला मनाई होती.’

निपाणी : हे बरोबर. ‘फाटक’ राहू द्या.