‘मालामा होनुआ’ला मराठीत काय म्हणावे?

प्रश्न : पॉलिनेशियन (प्रशांत महासागरातील हवाई, ताहिती इत्यादी बेटांवरील) नौकानयनावरील एका लेखाचा अनुवाद करताना ‘मालामा होनुआ’ हा हवाईयन शब्दप्रयोग आढळला. ‘होकुलेआ’ नौकेच्या २०१४ ते २०१७ मधील पृथ्वीप्रदक्षिणेचे हेच नाव होते. त्यासाठी ‘शाश्वत विकास’ चालेल का? आणि या नौकेला ‘उलांडीची होडी’ म्हणावे का?

उत्तर १ : ‘शाश्वत विकास’ मुळीच नको. ‘होनुआ’ म्हणजे पृथ्वी आणि ‘मालामा’ म्हणजे राखणे, निगा करणे, सांभाळणे. ‘शाश्वत’ हे विशेषण कोणी काय करायचे ते सांगत नाही. ‘राखणे’ म्हटले की राखणारा आलाच. म्हणून मी ‘धरतीची राखण’ सुचवेन.

या अर्थाची खरी ओळख ‘हवाईलोआ’ नौकेच्या कथेत होते. होकुलेआच्या बांधणीत फायबरग्लाससारखी आधुनिक सामग्री होती, म्हणून १९९० च्या दशकात पारंपरिक पद्धतीने कोआ या हवाईतील स्थानिक वृक्षाच्या ओंडक्यांतून नवी नौका कोरायचे ठरले. परंतु हवाईची जंगले इतकी विरळ झाली होती की पुरेसे मोठे आणि निरोगी कोआ वृक्ष शोधूनही सापडले नाहीत. अखेर अलास्कातील मूळनिवासींनी स्प्रूस या सूचिपर्णी वृक्षाची दोन झाडे भेट दिली, मात्र ती स्वीकारण्याआधी होकुलेआचे नाविक नैनोआ थॉम्पसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हवाईत कोआची रोपे लावण्याचे काम हाती घेतले. नौका हवी असेल तर आधी रान राखावे लागते, हा ‘मालामा’चा अर्थ ‘संवर्धन’ या सरकारी वळणाच्या शब्दात मला सापडत नाही.

उत्तर २ : ‘राखण’ला माझेही अनुमोदन. १९७६ मध्ये मायक्रोनेशियातील सातावाल बेटाचे पारंपरिक नाविक माउ पियाइलुग यांनी होकायंत्राविना होकुलेआ हवाईहून ताहितीला नेली, तेव्हा सुमारे महिनाभर सोबतचे पाणी आणि शिधा सर्वांना पुरवून वापरावा लागला. ‘नौका म्हणजे बेट, बेट म्हणजे नौका’ ही हवाईयन म्हण अशाच अनुभवातली आहे.

‘उलांडीची होडी’ मात्र येथे चुकेल. आपल्या कोकणात उलांडी म्हणजे होडीचा तोल राखण्यासाठी एका बाजूस बांधलेले लाकूड, तर होकुलेआला दोन पूर्ण सांगाडे असून ते आडव्या दांड्यांनी जोडलेले आहेत. तिला ‘जोडनौका’ म्हणावे. नावाचा अर्थ ‘आनंदाचा तारा’ असा द्यावा आणि तो तारा म्हणजे आपली स्वाती हेही सांगावे, कारण स्वाती हवाईच्या जवळजवळ डोक्यावरून जाते आणि परतणाऱ्या खलाशांना तिच्यावरूनच आपण हवाईच्या अक्षांशावर पोहोचलो हे कळते.