'दरोगा', 'फौजदार' आणि 'दप्तर'

प्रश्न : कलकत्त्याच्या पोलीस खात्यात डिटेक्टिव असलेल्या प्रियनाथ मुखोपाध्याय यांनी आपल्या तपासांच्या हकिकतींची 'दारोगार दप्तर' ही मालिका १८९२ पासून बंगालीत चालवली. बडोद्यातल्या आमच्या वाचक मंडळात तिच्याविषयी बोलायचे आहे. शीर्षक 'फौजदाराचे दप्तर' असे केले तर चालेल का?

उत्तर : 'फौजदार' नको. मोगल अमदानीत पदरी फौज बाळगून मुलखाचा बंदोबस्त ठेवणारा तो बडा अधिकारी होता आणि आज आपण पोलीस उपनिरीक्षकाला फौजदार म्हणतो, इतका त्या शब्दाचा हुद्दा खाली उतरला आहे. दरोगा आपल्या जुन्या कागदांतही भेटतो, पण तो एखाद्या कारखान्याचा किंवा खात्याचा मुख्य असतो. पोलीस ठाण्याचा प्रमुख हा अर्थ गव्हर्नर जनरल कॉर्नवॉलिसच्या काळापासून बंगालात रुजला. म्हणून बंगालचा दरोगा दरोगाच राहू द्यावा.

दुसरे उत्तर : शीर्षकापुरते मान्य, पण मुखोपाध्याय डिटेक्टिव खात्यातले होते, हे निवेदनात झाकले जाऊ नये. अशी माणसे आपल्या शहराने त्याआधीच पाहिली होती. नोव्हेंबर १८७४ मध्ये इंग्रज सरकारचे बडोद्यातले प्रतिनिधी, म्हणजे रेसिडेंट, कर्नल फेअर यांच्या पपनसाच्या सरबतात विष आढळल्यावर तपासाला मुंबईचे पोलीस कमिशनर सूटर आले आणि त्यांच्या हाताखालच्या अकबर अली यांना रेसिडेन्सीतल्या रावजी हवालदाराच्या पट्ट्यात सोमल या विषाची पुडी सापडली. ती नेमकी तिथे कशी मिळाली, यावरच, विषप्रयोगाचा आरोप आलेल्या महाराज मल्हारराव गायकवाडांचे वकील बॅलंटाइन यांनी पुढे चौकशी आयोगासमोर हल्ला चढवला. अशा माणसाला सर्रास 'गुप्तहेर' म्हणतात, ते मला खटकते. हेर शत्रूच्या गोटात वेश पालटून शिरतो. हे लोक उघडपणे जबान्या घेतात, झडती घेतात, मुद्देमाल जप्त करतात. आपल्या पोलिसांचा 'तपासी अंमलदार' हा शब्द थोडा रुक्ष असला तरी नेमका आहे.

पुन्हा प्रश्न : 'दप्तर' म्हटल्यावर मुले शाळेची पिशवी समजणार नाहीत ना?

उत्तर : मुलांचे सोडा, मोठ्यांनाही आधी तीच आठवेल. तरी पेशवे दप्तर आणि दप्तरदार हे शब्द अजून वाचनात आहेत. रुमालात बांधून ठेवलेले सरकारी कागद हा त्यातला अर्थ इथे उत्तम बसतो, कारण मुखोपाध्यायांची सामग्रीही अशाच कामाच्या कागदांशी नाते सांगणारी आहे. फक्त 'दरोगाचे' असे छापू नका; घोडा-घोड्याचे, तसे दरोगा-दरोग्याचे.