घाट उतरताना रिकामी बाटली का चेपते?

घाटवाट: रविवारी सकाळी सातला रंकाळ्यावरून मालवणला निघालो. एक लिटरची पाण्याची बाटली लेकीनं गावाबाहेर पडायच्या आतच संपवली आणि झाकण गच्च लावून मागच्या सीटवर टाकली. करूळ घाट उतरून वैभववाडी आली तर बाटली चेपायला लागलेली. मालवणात पोचेपर्यंत दोन्ही कुशी पार आत. शेजारची न फोडलेली भरलेली बाटली मात्र जशीच्या तशी. लेक नववीत आहे. ती म्हणते, "बाबा, खाली तर उकडतंय. गरम झालं की हवा फुगते ना, मग ही चेपली कशी?" मला सांगता येईना. कुणी नीट समजावून सांगेल का?

उसाचा_फड: झाकणातनं हवा गळाली असणार.

साचेवाला: गळती असती तर बाहेरची हवा आत शिरली असती आणि बाटली चेपलीच नसती. झाकण घट्ट होतं म्हणूनच हे झालं.

लेकीला आधी शाबासकी द्या, तिनं नेमकं बोट ठेवलंय. तिथं दोन गोष्टी उलट्या दिशेनं ओढत होत्या. कोल्हापूर समुद्रसपाटीपासून साधारण ५५० मीटर उंच, त्यामुळं इथला हवेचा दाब किनाऱ्यापेक्षा सहाएक टक्क्यांनी कमी. ही हवा कोंडून तुम्ही खाली नेलीत. बाहेरचा दाब वाढेल तसा वायू आवळतो, हे बॉईलनं १६६२ सालीच मांडलंय. म्हणजे १००० मिलीचे झाले ९४०.

आता उकाडा. समजा सकाळी २२ अंश होतं, किनाऱ्यावर ३०. पोरं इथंच चुकतात, सरळ ३० ला २२ नं भागतात. वायूसाठी तापमानाची मोजणी उणे २७३ अंशांपासून, म्हणजे निरपेक्ष शून्यापासून धरायची: २९५ वरून ३०३. वाढ जेमतेम पावणेतीन टक्के. ९४० चे ९६५ झाले, उरलेले ३५ मिली बाटलीच्या कुशींनी भरून काढले.

भरलेल्या बाटलीतलं पाणी एवढ्याशा दाबानं थेंबभरसुद्धा आवळत नाही. आठ अंशांनी दोनेक मिली फुगतं, तेवढं वरच्या मोकळ्या जागेत मावतं.

घन पदार्थाचं मला जास्त ठाऊक. तीस वर्षं शिरोलीत पॅटर्न केले, म्हणजे ओतकामाचा साचा ज्यावरून घेतात ते नमुने. बिडाचं कास्टिंग, म्हणजे साच्यात ओतलेला भाग, निवताना मीटरला १० मिलिमीटर आकसतं, ॲल्युमिनियमचं १३ च्या आसपास. म्हणून आमची पट्टीच वेगळी, तिच्यावरचा मीटर तेवढा लांब. शिकाऊ असताना मी साध्या पट्टीनं एक पॅटर्न केला. ४०० मिलिमीटरवरची दोन भोकं कास्टिंगमध्ये ४ मिलिमीटर जवळ आली, माल भंगारात गेला. वस्ताद रागावले नाहीत. त्यांनी स्वतःची पट्टी माझ्या हातात दिली. अजून जपून ठेवलीय.

उसाचा_फड: पटलं काका. गळतीचं मी उगाच बोललो.

घाटवाट: काका, लेकीला वाचून दाखवलं. २७३ चा हिशेब तिनं वहीत स्वतः करून बघितला. एक सांगायचं राहिलं होतं. परत येताना मालवणात तिनं तीच बाटली उघडून, कुशी सरळ करून पुन्हा गच्च लावली होती. गगनबावड्याला चहाला थांबलो तेव्हा बाटली दगडासारखी कडक. झाकण फिरवलं तसा फुस्स आवाज आला. तेव्हा कळलं नव्हतं, आता दोघांनाही कळलं. तुमची ती पट्टी तिला बघायची आहे, शिरोलीला कधी येऊ?

साचेवाला: मी आता घरीच असतो. कुठल्याही दिवशी पाचनंतर या. बिडाची आणि ॲल्युमिनियमची, दोन्ही काढून ठेवतो.