कार्टूनमधली शास्त्रज्ञ मुलगी आणि खऱ्या मुली

कुणीतरी म्हटलंय की कार्टूनमध्ये लॅब कोट घातलेली एक मुलगी दाखवली की झालं, मुलींना आपोआप सायन्स आवडायला लागतं. मला नाही पटत. अमेरिकेतला 'सायगर्ल्स' हा मुलींसाठीचा सायन्सचा टीव्ही कार्यक्रम बघा, २०१० मध्ये पीबीएस किड्स या मुलांच्या सार्वजनिक टीव्हीवर सुरू झालेला, मिनेसोटा राज्यातल्या ट्विन सिटीज पब्लिक टेलिव्हिजनने केलेला, नॅशनल सायन्स फाउंडेशन या तिथल्या सरकारी विज्ञान संस्थेच्या पैशातून. त्यातही इझी नावाची कार्टून मुलगी आहे, ती काहीतरी गोंधळ घालते, अडकते, पण मग एपिसोडचा मोठा भाग असतो तो शाळेत जाणाऱ्या खऱ्याखुऱ्या मुलींचा. पाण्याखाली चालणारा रोबो करायचाय तर मुलीच पाइप कापणार, मोटर लावणार, पाण्यात सोडून बघणार, आणि नाही जमलं तर परत खोलून बसणार. हे बिघडलेलं एपिसोडमधून कापून टाकत नाहीत हे मला फार मोलाचं वाटतं, कारण पहिल्या फटक्यात येत नाही म्हणजे आपल्याला जमणारच नाही असं मुलींच्या डोक्यात फार लवकर बसतं हो.

आणि सोबत त्या क्षेत्रात काम करणारी एक बाई असते, ती उत्तर सांगून मोकळी होत नाही, उलट विचारते की तुम्ही हे मोजणार कसं? मुलींनी ठरवायचं, मापं घ्यायची, आकडे मांडायचे.

२०१८ च्या सीझनमध्ये तर लॅटिना, म्हणजे लॅटिन अमेरिकी वंशाच्या, मुलींना पुढे आणलं, स्पॅनिशसकट. आपल्याकडे मराठीत असं, झेडपीच्या शाळेतल्या मुली घेऊन, कुणी करेल का? मी तरी पहिल्या दिवसापासून बघेन.