पुरातत्त्ववाल्याचं काम सायटेशनवरून मोजायचं का?

खापरतुकडा:
गेल्या आठवड्यात एका कॉलेजात मुलाखतीला गेले होते. नऊ सीझन फील्डवर काढलेत, पण पहिलाच प्रश्न आला, एच-इंडेक्स किती? 4 म्हटलं. झालं, पुढे खापरांबद्दल, थरांबद्दल कोणी अवाक्षर विचारलं नाही. तेव्हापासून डोक्यात हेच चाललंय की आपल्या विषयाला हा आकडा लावायचाच कशाला. इनामगाव घ्या. शिरूर तालुक्यात घोड नदीकाठी डेक्कन कॉलेजने 1968 ते 1983 मध्ये बारा सीझन खणलं, सांकलिया, ढवळीकर, अन्सारी अशी माणसं, शंभरावर घरं उघडी केली, आणि रिपोर्ट छापून आला 1988 ला. एच-इंडेक्स चालतो सायटेशनवर, म्हणजे दुसऱ्यांनी त्यांच्या लेखनात आपलं काम किती वेळा उद्धृत केलं त्यावर. गणित असं की 10 लेख प्रत्येकी किमान 10 वेळा उद्धृत झाले तर इंडेक्स 10. म्हणजे तो रिपोर्ट जगाने हजार वेळा वापरला तरी त्याच्यामुळे इंडेक्समध्ये भर पडणार फक्त 1 ची. वीस वर्षांच्या कामाला 1!

गणिती:
मुलाखतीत झालं ते वाईटच. पण आकडा काढून टाकला तर उरतं काय? ओळखीपाळखी, आणि कोण कुणाचा विद्यार्थी. सायटेशनमुळे निदान एवढं तरी कळतं की ह्या माणसाच्या डेटावर बाहेरच्या कोणी तरी काम केलंय. आणि खरं दुखणं वेगळंच आहे, आपल्याकडे खणतात खूप, छापत नाहीत. एकदा खणलेला थर परत मिळत नाही. ज्याने रिपोर्टच दिला नाही त्याच्या त्या साइटला शून्य सायटेशन मिळत असतील तर मला ते योग्यच वाटतं.

माळ्यावरची पेटी:
गणिती, शून्य मिळणारा प्रत्येक जण आळशी नसतो हो. एएसआयचं, म्हणजे भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण खात्याचं, 'इंडियन आर्किऑलॉजी: अ रिव्ह्यू' (आयएआर) 1953-54 पासून निघतंय, देशभरच्या उत्खननांची पहिली माहिती त्यात येते आणि सगळे ती वापरतात, पण तळटीपेत लिहितात काय, तर आयएआर, वर्ष आणि पान नंबर. उन्हात उभं राहून खणणाऱ्याचं नावच नाही, मग त्याच्या खात्यात काय जमा होणार? दुसरं म्हणजे मराठी. ढवळीकरांनी मराठीत किती लिहिलं! माझ्यासारख्या विषयाबाहेरच्या माणसाला इनामगावची ती तीन हजार वर्षांपूर्वीची जोर्वे संस्कृती म्हणजे काय ते त्यांच्यामुळे कळलं, आणि मी काही कुठे पेपर लिहून त्यांना उद्धृत करणार नाहीये.

मधली आळी:
हरियाणातल्या राखीगढीचं, हडप्पा संस्कृतीच्या त्या साइटचं, उदाहरण द्यायलाच हवं. 2019 च्या सप्टेंबरात 'सेल' ह्या विज्ञानाच्या जर्नलमध्ये पेपर आला, वसंत शिंदे पहिले लेखक, 61 सांगाड्यांचे नमुने तपासले तेव्हा कुठे एका बाईचा डीएनए हाती लागला. काम मोठंच आहे, वाद नाही. पण असा पेपर जगभरचे जेनेटिक्सवाले वाचतात, त्यांची संख्या केवढी, त्यामुळे आकडा भराभर चढतो. त्याच टेकाडावरच्या खापरांवर कोणी आयुष्य घालवलं तर त्याचे वाचकच मुळात मोजके. ह्या दोघांना एका तराजूत कसं तोलणार?

गणिती:
तोलूच नये, मान्य. खापरवाल्याला खापरवाल्याशीच ताडून बघावं. पण तेवढ्यावरून आकडाच नको म्हणणं मला पटत नाही. इनामगावचंच बघा, उत्तर, म्हणजे शेवटच्या, जोर्वे काळात चौकोनी घरं जाऊन गोल झोपड्या आल्या, त्यावरून ढवळीकरांनी पाऊस कमी झाला, शेती बसली असं मांडलं. ते सगळ्यांना पटो न पटो, त्यावर बोलायचं तर आधी त्यांचं नाव घ्यावं लागतं. विरोधात आलेलं सायटेशनसुद्धा काहीतरी सांगतंच की. आणि हे रिपोर्ट न उघडता दिसतं, कमिटीकडे शंभर अर्ज असले की त्याचा उपयोग होतो.

खापरतुकडा:
रिपोर्ट न छापणाऱ्यांबद्दल तुम्ही म्हणता ते शंभर टक्के खरं, मी स्वतः गोणींत पडून राहिलेली खापरं बघितलीत, वरची लेबलं उंदरांनी खाल्लेली, जीव तुटतो. त्यांना जाब विचाराच. पण "रिपोर्ट न उघडता" हेच तर मला खुपतंय. शंभर अर्जांना आकडा लावा बाई, मुलाखतीला आम्ही सहाच जण होतो. मी ट्रेंचच्या सेक्शनची, म्हणजे खड्ड्याच्या उभ्या कापात दिसणाऱ्या थरांची, ड्रॉइंग्ज नळीत गुंडाळून नेली होती, दोन सीझनची, प्रत्येक थर हाताने मोजून काढलेला. टेबलावर ठेवली होती. कोणी झाकणसुद्धा काढलं नाही.