'पदरमोड' चालेल का? – दवाखान्याच्या खर्चाची पाहणी आणि तिचे शब्द

शिरपूरहून प्रश्न
घरोघरी जाऊन दवाखान्याच्या खर्चाची माहिती घ्यायची आहे, त्याची प्रश्नावली मराठीत करतोय. 'आउट ऑफ पॉकेट एक्स्पेंडिचर'ला, म्हणजे सरकार किंवा विमा देत नाही, घरालाच भरावा लागतो त्या खर्चाला, आलेल्या मसुद्यात 'खिशाबाहेरील खर्च' लिहिलंय. ऐकणाऱ्याला वाटेल ऐपतीबाहेरचा खर्च! 'पदरमोड' चालेल का?

धुळे
'खिशाबाहेरील' आधी खोडा. 'पदरमोड' झकास शब्द आहे, पण त्यात स्वखुशी आली. वर्गणी कमी पडली म्हणून मंडळाच्या अध्यक्षांनी पदरमोड केली, गुरुजींनी पदरमोड करून शाळेला नकाशे आणले. काम चार लोकांचं, आणि द्यायची सक्ती कुणाची नाही. आईला मध्यरात्री ॲडमिट करताना काउंटरवर डिपॉझिट भरणं ही कसली पदरमोड? 'पदरचा खर्च' म्हणा. 'स्वखर्च' अहवालात ठीक, तोंडी विचारताना नको. लोकांना अर्जातलं 'स्वखर्चाने' आठवतं.

शिरपूर
तोंडी अहिराणीतच विचारू: 'दवाखानामा घरना किती पैसा लागनात?'

धुळे
मग वादच मिटला. फक्त 'घरना' म्हटल्यावर व्याजाने काढलेले किंवा पोत मोडून आणलेले पैसे लोक सोडून देतील. हिशेबात तेही पदरचेच. म्हणून रक्कम आधी विचारा, पैसा कुठून उभा केला हे पुढच्या प्रश्नात.

जळगाव
शब्द ठरला, आता त्यात काय बसतं तेही ठरवा, भाऊ. विम्याचा हप्ता यात नाही. तो आजारपणाआधीच भरलेला असतो. विम्यातून परत मिळालेली रक्कम वजा. जीपचं भाडं, सोबतच्या माणसाचं जेवण हे धरायचं, पण औषध-तपासणीच्या रकान्यात कोंबायचं नाही. बुडालेली मजुरी हा खर्च नव्हे, नुकसान. वेगळी लिहा, नाहीतर केळीच्या कापणीवर न गेलेल्या माणसाचा रोज औषधाच्या बेरजेत जाऊन बसतो.

आणि 'गेल्या वर्षी' हा शब्द मुळीच वापरू नका. सरकारच्या राष्ट्रीय नमुना पाहणीच्या ७५ व्या फेरीत (२०१७-१८) भरती झालेल्यांसाठी मागचे ३६५ दिवस आणि नुसतं दाखवून आलेल्यांसाठी मागचे १५ दिवस विचारले होते. आपल्याकडे सालदाराचं (वर्षाच्या बोलीवर राबणाऱ्या शेतगड्याचं) साल अखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, सुरू होतं. फाल्गुनात जाऊन 'गेल्या वर्षी' विचारलंत तर तो मागच्या अखाजीच्याही आधीचं सांगेल. 'मागच्या होळीपासून आजपर्यंत' असं सणाला धरून विचारा.

नंदुरबार
माझी अडचण पुढची आहे. अहवालात 'सरासरी खर्च' लिहिलं की गावातले म्हणतात, एवढा तर कुणालाच आला नाही.

जळगाव
बरोबरच म्हणतात. पाच घरं धरा: ५००, ८००, १,०००, १,२०० आणि एका घरात ऑपरेशन, ९६,५०० रुपये. सरासरी २०,०००, मध्यक (चढत्या क्रमाने लावल्यावर मधोमध येणारा आकडा) १,०००. 'साधारण घराला किती लागतं' याचं उत्तर मध्यक देतो. पण म्हणून सरासरी टाकून देऊ नका. योजनेला पैसा किती लागेल ते काढायला सरासरीला घरांच्या संख्येने गुणावं लागतं: २०,००० गुणिले पाच, एक लाख. मध्यकाने गुणलंत तर पाच हजारांत योजना उरकेल आणि ऑपरेशनवालं घर तसंच राहील. लॉग (लॉगॅरिदम) घेऊन, म्हणजे मोठे आकडे आवळून, हिशेब करणाऱ्यांचंही हेच होतं. नुसता उलटा घात घेऊन रुपयांत परत आले की सरासरी कमीच भरते. खर्चाला गॅमा वितरण (थोडे आकडे फार मोठे असतात अशा मांडणीचं गणिती रूप) धरून प्रतिमान, म्हणजे मॉडेल, बसवतात ते याचसाठी.

नंदुरबार
अशा आकड्यांना 'विषम वितरण' म्हणू?

धुळे
नको. काही पुस्तकांत आहे तसं, पण आरोग्याच्या अहवालात 'विषमता' म्हणजे गरीब-श्रीमंतातली दरी. एकाच पानावर दोन्ही आले तर वाचणारा फसेल. 'उजवीकडे लांब शेपूट असलेलं वितरण' म्हणा. लांबलचक आहे, असू द्या.

शिरपूर
अजून एक: योजनेचा परिणाम मोजायच्या 'डिफरन्स इन डिफरन्सेस' या पद्धतीला काय म्हणू?

धुळे
'फरकांतला फरक'. उदाहरण घरचंच आहे. मोफत उपचारांची राजीव गांधी जीवनदायी योजना जुलै २०१२ मध्ये आठ जिल्ह्यांत सुरू झाली, त्यात धुळे होतं. जळगाव-नंदुरबारला ती नोव्हेंबर २०१३ मध्ये राज्यभर झाली तेव्हा मिळाली. धुळ्यात पदरचा खर्च आधी किती, नंतर किती, हा एक फरक. त्याच काळात जळगावचा दुसरा. पहिल्यातून दुसरा वजा करायचा, म्हणजे महागाईसारखं दोन्हीकडे सारखंच घडलेलं गळून जातं.

नंदुरबार
पण आमच्याकडचे पेशंट धुळ्यालाच येतात की!

धुळे
पेशंट कुठेही जावो, तेव्हा रेशनकार्ड कुठल्या जिल्ह्याचं ते बघत. खर्च दवाखान्याच्या गावावर नाही, घराच्या गावावर मांडा. खरी मेख दुसरी आहे: योजना नसती तर दोन्ही जिल्ह्यांचा खर्च सारख्याच चालीने वाढला असता, हे गृहीत धरलेलं असतं. २०१२ च्या आधीचे तीन-चार वर्षांचे आकडे मिळाले तरच ते तपासता येईल.